पसारा आणि मांडणी : डिझाइन शिक्षणातील कार्यस्थळ व सर्जनशीलता यांविषयीच्या एका गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना

अव्यवस्थित जागेत काम करणारी व्यक्ती अधिक सर्जनशील असते, हे विधान डिझाइन शिक्षणाच्या वर्तुळात आता जवळजवळ सिद्ध झाल्यासारखे उच्चारले जाते. त्याच्या पुष्ट्यर्थ दोन प्रकारचे पुरावे पुढे केले जातात. त्यांपैकी पहिला पुरावा थोरांच्या टेबलांचा. अल्बर्ट आइनस्टाइन यांचे १८ एप्रिल १९५५ रोजी निधन झाले, त्याच दिवशी राल्फ मॉर्स या छायाचित्रकाराने प्रिन्स्टन येथील त्यांच्या कार्यालयाचे छायाचित्र 'लाइफ' या नियतकालिकासाठी टिपले. कागदांनी आणि नियतकालिकांनी भरलेले ते टेबल प्रतिभेचे चित्र म्हणून पुढे जगभर छापले गेले. वास्तविक त्या छायाचित्रातून एवढेच कळते, की काम अपुरे राहिले होते. अशा टेबलांच्या यादीत बहुधा पुरुषांचीच नावे आढळतात, ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्या समाजात 'पसारा आवर' ही आज्ञा घरातील मुलीला मुलापेक्षा अधिक वेळा ऐकावी लागते, तेथे विस्कटलेले टेबल कोणाच्या बाबतीत प्रतिभेचे लक्षण ठरते आणि कोणाच्या बाबतीत वळण नसल्याचे, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे.

दुसरा पुरावा प्रायोगिक मानसशास्त्राचा असून त्याचे वजन साहजिकच अधिक मानले जाते. प्रस्तुत लेखात प्रथम त्या पुराव्याची तपासणी केली असून, डिझाइनच्या विद्यार्थ्याच्या संदर्भात 'व्यवस्था की अव्यवस्था' हा प्रश्नच अपुरा का ठरतो, याचे विवेचन पुढे केले आहे.

प्रयोगशाळेतील अव्यवस्था

मिनेसोटा विद्यापीठातील कॅथलीन व्होस व त्यांचे सहकारी यांचा बहुचर्चित लेख २०१३ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तीन प्रयोगांची माहिती आहे. पहिल्या प्रयोगात ३४ डच विद्यार्थ्यांना नीटनेटक्या अथवा अस्ताव्यस्त खोलीत बसविण्यात आले. नीटनेटक्या खोलीतील ८२ टक्के विद्यार्थ्यांनी देणगी दिली, तर अस्ताव्यस्त खोलीतील ४७ टक्के विद्यार्थ्यांनी. चॉकलेटऐवजी सफरचंद उचलणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ६७ आणि २० टक्के होते. दुसऱ्या प्रयोगात ४८ अमेरिकी विद्यार्थ्यांना पिंगपाँगच्या चेंडूचे नवे उपयोग सुचविण्यास सांगण्यात आले. दोन्ही खोल्यांत सुचलेल्या कल्पनांची संख्या सारखीच होती; परंतु अस्ताव्यस्त खोलीतील कल्पनांना परीक्षकांनी सर्जनशीलतेचे अधिक गुण दिले. तिसरा प्रयोग प्रौढांच्या पेयनिवडीचा होता आणि तो येथे फारसा प्रस्तुत नाही.

या लेखाचा डिझाइन शिक्षणातील वापर निवडक पद्धतीने होतो. पिंगपाँगचा चेंडू सर्वांच्या लक्षात राहतो आणि सफरचंद विसरले जाते. व्यवस्थित जागा माणसाला उदार व संयमी करते, हा त्याच लेखाचा निम्मा निष्कर्ष आहे. स्टुडिओतील अव्यवस्थेचे समर्थन या लेखाच्या आधारे करणाऱ्या शिक्षकाला तोही स्वीकारावा लागेल.

याहून महत्त्वाचा आक्षेप प्रयोगाच्या रचनेविषयी घेता येतो. कागद आणि वस्तू विखरून ठेवलेली ती खोली संशोधकांनी सिद्ध केलेली होती. विद्यार्थी तेथे थोडा वेळ बसले आणि निघून गेले. त्या कागदांपैकी एकही त्यांचा नव्हता, एकाही वस्तूचा त्यांच्यापुढील प्रश्नाशी संबंध नव्हता आणि त्या पसाऱ्यात त्यांनी हात घालावा अशी अपेक्षाही नव्हती. म्हणजे येथे अव्यवस्था ही केवळ पार्श्वभूमी होती, भिंतीच्या रंगासारखी. डिझाइनच्या विद्यार्थ्यासमोरील पुठ्ठ्याचे तुकडे, फसलेली प्रारूपे आणि अर्धवट रेखाटने ही त्याच्या कामाची पार्श्वभूमी नसतात. ते त्याचे कामच असते.

सर्जनशीलतेच्या मोजमापाबाबतही असेच म्हणावे लागते. नेहमीच्या वस्तूचे नवे उपयोग सुचविण्याची कसोटी जे. पी. गिलफर्ड यांच्या परंपरेतील आहे. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अध्यक्षपदावरून १९५० मध्ये त्यांनी केलेल्या भाषणापासून सर्जनशीलतेच्या पद्धतशीर अभ्यासाला चालना मिळाली, आणि विकेंद्री व केंद्राभिमुख विचार हा भेदही त्यांनीच रूढ केला. चेंडूची कसोटी यांपैकी केवळ पहिल्या विचाराची आहे. खुर्चीचे पन्नास पर्याय रेखाटणे हा डिझाइनचा सोपा भाग होय. त्यांपैकी एकोणपन्नास सोडून देणे आणि उरलेल्या एकाचा सांधा वजन पेलेल असा करणे, यात विद्यार्थ्याचा खरा कस लागतो. अस्ताव्यस्त खोली या दुसऱ्या कामात साह्य करते की अडथळा आणते, याविषयी हा प्रयोग मौन पाळतो.

पुढे २०१९ मध्ये 'फ्रंटियर्स इन सायकॉलॉजी' या नियतकालिकात अल्बर्टो मॅन्झी व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कार्यस्थळाच्या अव्यवस्थेचा सर्जनशीलतेवर किंवा मनाच्या नियंत्रक कार्यांवर परिणाम आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मानसशास्त्रातील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती करणाऱ्या २०१५ च्या सामूहिक प्रकल्पात केवळ ३६ टक्के पुनरावृत्तींत लक्षणीय परिणाम मिळाला होता, हे ध्यानात घेता यात नवल नाही. तथापि या नकारात्मक निष्कर्षाने व्यवस्थावाद्यांनी आनंदून जाण्याचेही कारण नाही. दुसऱ्याने मांडलेल्या अव्यवस्थेचा परिणाम होत नाही, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

पसारा, अडगळ आणि केर

या वादात एकाच शब्दाखाली अनेक गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. मराठी बोलणारा माणूस त्या नकळत वेगळ्या ओळखतो. स्वयंपाक चालू असताना ओट्यावर असतो तो पसारा. माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असते ती अडगळ. आणि भाजी निवडून झाल्यावर उरतो तो केर. तिन्हींचे दृश्यरूप पाहुण्याला सारखेच वाटू शकते. परंतु पसारा हा चालू कामाचा असतो, अडगळीचा कामाशी संबंध तुटलेला असतो आणि केराचा पुन्हा कधी जुळण्याची शक्यता नसते. भाषेची आणखी एक खूण येथे उपयुक्त ठरते. मराठीत पसारा 'मांडला' जातो. दुकान, डाव आणि पूजाही मांडलीच जाते. मांडणी आणि पसारा यांना एकच क्रियापद चालावे, यात भाषेला विरोध जाणवलेला दिसत नाही. (गोंधळ हा शब्द तर आणखी पुढे जातो: अनागोंदीसाठी आपण जो शब्द वापरतो, तोच चौक मांडून, देवदेवतांना आवाहन करून, आख्यान लावून ठरलेल्या क्रमाने पार पडणाऱ्या विधीचेही नाव आहे.)

हा भेद संशोधनालाही अपरिचित नाही. टॉमस मलोन यांनी १९८३ मध्ये कार्यालयीन टेबलांचा अभ्यास करताना फायली आणि ढीग असा फरक केला होता. फाइल माहिती शोधण्यासाठी असते. ढीग काम बाकी असल्याची आठवण करून देण्यासाठीही असतो. नजरेआड गेलेले काम मनाआड जाण्याचा धोका असल्यामुळे माणसे कागद वर ठेवतात. ॲलिसन किड यांनी १९९४ मध्ये या विचाराला अधिक खोली दिली. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा, की ज्ञानाधिष्ठित काम करणारी व्यक्ती कागद पसरून ठेवते, कारण त्यांचे वर्गीकरण कोणत्या शीर्षकाखाली करावे हे तिला अद्याप कळलेले नसते. ज्याचे नाव ठरलेले नाही त्याला खण कोठून मिळणार? डिझाइनच्या विद्यार्थ्याची स्थिती नेमकी हीच असते. त्याला सर्व काही जागच्या जागी ठेवण्यास सांगणे म्हणजे प्रश्न समजण्यापूर्वी उत्तर लिहिण्यास सांगणे होय.

बाहेरून दिसणारा गुंता आणि आतली व्यवस्था यांचे नाते समजण्यासाठी येवल्याच्या मागाकडे पाहणे बोधप्रद आहे. पैठणीचा पदर विणताना नक्षीतील प्रत्येक रंगक्षेत्रासाठी बाण्याची स्वतंत्र कांडी असते. अनेक कांड्या ताण्यावर एकाच वेळी पडलेल्या असतात आणि अनभिज्ञ व्यक्तीला तेथे धाग्यांचा गुंताच दिसतो. विणकराच्या दृष्टीने मात्र कांडी कोठे आहे हीच पुढची आज्ञा असते. मोर कोठे संपतो आणि पार्श्वभूमी कोठे सुरू होते, हे त्या जागांवरून कळते. एखाद्याने सद्हेतूने त्या कांड्या गोळा करून रंगवार डब्यात लावल्या, तर माग नीटनेटका दिसेल आणि विणकाम थांबेल.

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात वास्तुकलेच्या स्टुडिओतील शिक्षक व विद्यार्थिनी यांच्या संवादाचे जे विश्लेषण केले, त्याचाही रोख येथे जुळतो. रेखाटन काढणाऱ्याला उत्तर देते, असे ते मांडतात. हे उत्तर ऐकू येण्यासाठी रेखाटन समोर असावे लागते, आणि आजचेच नव्हे तर परवाचेही.

टिकवलेली अव्यवस्था आणि सजवलेली अव्यवस्था

फ्रान्सिस बेकन या चित्रकाराचा लंडनमधील ७, रीस म्यूज येथील स्टुडिओ अव्यवस्थेच्या समर्थकांचे आवडते उदाहरण आहे. १९६१ पासून १९९२ मध्ये मृत्यू होईपर्यंत बेकन यांनी तेथे काम केले. रंगाने माखलेल्या भिंती, फाटकी छायाचित्रे आणि गुडघाभर कागद यांतून आपल्याला प्रतिमा सुचतात, असे ते सांगत. अधिक चांगल्या, नेटक्या स्टुडिओत आपल्याला काम करता आले नाही, असेही त्यांनी नमूद केले आहे. १९९८ मध्ये हा स्टुडिओ डब्लिनच्या ह्यू लेन कलादालनाला मिळाला. पुरातत्त्वज्ञांच्या मदतीने ७,००० हून अधिक वस्तूंची नोंद करण्यात आली, धूळसुद्धा सोबत नेण्यात आली आणि २००१ मध्ये सारे काही पूर्वीच्याच जागी ठेवून स्टुडिओ प्रेक्षकांसाठी खुला झाला. अव्यवस्था तीच, प्रत्येक कागद त्याच कोनात. मात्र आता ती काचेपलीकडे असून तिची सूची झालेली आहे, आणि तेथे कोणालाही काहीही सुचण्याचा संभव उरलेला नाही. ज्याचा तो पसारा होता तो गेला, तेव्हा त्या पसाऱ्याची मौल्यवान अडगळ झाली.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील इमारत क्रमांक २० चे उदाहरण शिक्षणसंस्थांना अधिक जवळचे आहे. महायुद्धकाळात रडार संशोधनासाठी १९४३ मध्ये उभारलेली ही लाकडी इमारत तात्पुरती होती, परंतु ती १९९८ पर्यंत टिकली. नोम चॉम्स्की व मॉरिस हॅले यांचे भाषाशास्त्रीय कार्य येथे आकाराला आले. जेरॉल्ड झकरायस यांना अणुघड्याळासाठी उंची हवी होती, तेव्हा मधले मजले कापण्यात आले. स्ट्युअर्ट ब्रँड यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात या इमारतीचे महत्त्व विशद केले आहे. तिची कोणाला पर्वा नसल्यामुळे भिंतीला भोक पाडण्यासाठी परवानगी लागत नव्हती, हे तिचे मर्म. तिच्या जागी फ्रँक गेरी यांनी रचलेले स्टाटा केंद्र २००४ मध्ये उघडले. कललेल्या भिंती आणि एकमेकींवर कोसळल्यासारखे भासणारे आकार यांमुळे ही नवी इमारत जुनीपेक्षा कितीतरी अधिक अव्यवस्थित दिसते. गळती व तडे यांवरून संस्थेने २००७ मध्ये रचनाकारांविरुद्ध दावा दाखल केला, ही गोष्ट येथे गौण आहे. तिचा तिरपेपणा एकाने ठरवून दिलेला आहे. जुन्या इमारतीची वाकडीतिकडी भिंत तेथे काम करणाऱ्यांनी आपल्या गरजेपोटी केली होती. आजकाल रंगीत आसने, लिहिता येणाऱ्या भिंती आणि मुद्दाम उघडे ठेवलेले नळ यांनी 'सर्जनशील' केलेली दालने अनेक संस्थांत दिसतात. ती बहुधा या दुसऱ्या जातीची असतात.

बाउहाउस आणि उल्म यांचा वारसा

या प्रश्नावर डिझाइन शिक्षणाच्या इतिहासात दोन टोकांची उत्तरे मिळतात, असा समज आहे: बाउहाउस मुक्त आणि उल्म काटेकोर. तपशिलात शिरल्यावर हा समज टिकत नाही. १९१९ मध्ये वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउसच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला योहान्नेस इटेन यांनी आकार दिला. १९२३ मध्ये ते बाहेर पडल्यावर त्या अभ्यासक्रमात अध्यापन करू लागलेले योसेफ आल्बर्स विद्यार्थ्यांपुढे वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवत आणि त्यातून काहीतरी घडविण्यास सांगत. कागदाची जात ओळखा, त्याच्याकडून त्यालाच शक्य असलेले काम करून घ्या आणि काही वाया घालवू नका, अशी त्यामागील अट होती. वर्गात कागद सर्वत्र पसरत असणार, यात शंका नाही. तथापि तो पसारा काटकसरीच्या नियमाने बांधलेला होता. केर होऊ न देता पसारा मांडायला शिकवणे, असे या अभ्यासाचे वर्णन मराठीत करता येईल.

उल्मच्या विद्यालयाची (१९५३ ते १९६८) ख्याती शिस्तीची. माक्स बिल यांनी रचलेल्या, १९५५ मध्ये वापरात आलेल्या इमारतीत उघडे काँक्रीट आणि अलंकरणाचा अभाव आहे. या विद्यालयाची सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे १९५४ चे लाकडी स्टूल. तीन फळ्या आणि एक दांडा एवढीच त्याची सामग्री. विद्यार्थी त्यावर बसत, आडवे करून उंची बदलत, त्यात पुस्तके भरून ते एका खोलीतून दुसरीकडे नेत. काटेकोर म्हणवणाऱ्या या संस्थेने विद्यार्थ्याच्या हाती दिलेली वस्तू अशी होती, जिचे स्थान आणि काम तोच ठरवत असे. येथे शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रातील डिझाइन शिक्षणाचा एक धागा असा थेट उल्मपर्यंत जातो. त्या वारशातून स्वच्छ टेबल तेवढे उचलले जाणे आणि स्टुलावरील विद्यार्थ्याचा हक्क मागे राहणे, ही चूक सहज घडू शकते.

शिकण्याचा स्टुडिओ

अभ्यासक्रमाच्या आखणीत जागेचा विचार सहसा चौरस मीटरांत होतो. जागा किती काळ एका कामाच्या ताब्यात राहते, हा प्रश्न त्या तक्त्यात बसत नाही. एका स्टुडिओत सकाळी एक आणि दुपारी दुसरी तुकडी बसू लागली, की क्षेत्रफळाचा निकष पूर्ण होतो. पण दुपारी एक वाजता प्रत्येक विद्यार्थ्याला आपला पसारा पिशवीत भरावा लागतो. त्याचा परिणाम कामाच्या स्वरूपावर होतो. जे प्रारूप रोज नेता-आणता येईल तेवढ्याच आकाराची प्रारूपे होऊ लागतात. सुकायला दोन दिवस लागणारे साहित्य आपोआप वगळले जाते. अखेरीस सर्व काम संगणकाच्या पडद्यावर सरकते, कारण तेथे जागेचा तंटा नसतो. पडद्यावर मात्र एका वेळी एकच खिडकी नीट दिसते आणि परवाचे रेखाटन फोल्डरमध्ये गाडलेले असते. टाळेबंदीच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, याची कठोर प्रचिती आली. दोन खोल्यांच्या घरात रात्री अंथरुणे घालण्यासाठी जमीन मोकळी करावी लागते. तेथे अर्धे प्रारूप आठवडाभर तसेच राहू देणे ही चैन ठरते. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली आहे त्यांनाच पसारा परवडतो. म्हणून महाविद्यालयातील कायमचे टेबल ही सुविधा मानण्याऐवजी समान संधीची बाब मानणे अधिक योग्य होईल.

याचा अर्थ स्टुडिओ आवरूच नये, असा मुळीच नाही. धारदार पाती, ज्वलनशील चिकटद्रव्ये आणि विजेच्या तारा यांच्या बाबतीत सैलपणाला जागा नाही. यंत्रशाळेला जपानी कारखान्यांतील पाच 'एस' ची पद्धत लागू करण्यात काहीही वावगे नाही, कारण हत्यार हे कोणा एकाच्या प्रश्नाचे नसून सर्वांचे असते आणि त्याचे नाव व जागा ठरलेली असते. शिवाय एकाचा पसारा शेजाऱ्याच्या टेबलावर गेला, की तो दुसऱ्याच्या दृष्टीने केरच असतो. सर्जनशीलतेच्या नावाखाली उष्टे कप आणि कागदी बोळे सफाई कर्मचाऱ्यासाठी सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला बेकन यांचा दाखला देऊन सूट देण्यात आली, तर ते शिक्षण नव्हे.

परंतु आवरणे ही कृती अभ्यासक्रमात कोठे आहे, याचा विचार झालेला दिसत नाही. स्वतःचे टेबल आवरताना विद्यार्थ्याला प्रत्येक वस्तूविषयी निर्णय घ्यावा लागतो: हे चालू आहे, हे संपले, हे फसले पण ठेवायला हवे. गिलफर्ड यांच्या परिभाषेतील केंद्राभिमुख विचार प्रत्यक्ष हातांनी होतो तो येथे. हेच काम मूल्यांकन समितीच्या भेटीच्या आदल्या दिवशी शिपायाकडून करून घेतले, तर जागा तेवढीच स्वच्छ होते आणि विद्यार्थ्याच्या हाती निर्णयाचा सराव पडत नाही. कित्येकदा याच्या उलट प्रकारही घडतो. 'प्रक्रियेला' गुण असल्यामुळे अंतिम रचना पूर्ण झाल्यावर विद्यार्थी मागाहून प्रक्रियेची सुबक पाने तयार करतात. त्यांत चुकांनाही प्रमाणबद्ध चौकट असते. अशा पानांना गुण देणारा परीक्षक डब्लिनमधील काचेसमोर उभ्या असलेल्या प्रेक्षकाहून फारसा वेगळ्या स्थितीत नसतो.

परीक्षकाने दालनातील सजवलेल्या फलकांऐवजी सत्राच्या मध्यावर विद्यार्थ्याच्या टेबलाशीच जाऊन बसावे आणि समोरची कोणतीही एक वस्तू उचलून ती तेथे का आहे एवढे विचारावे, ही पद्धत खर्चिक नाही. ज्याचा पसारा चालू कामाचा आहे तो उत्तर देऊ शकतो. अडगळीत बसलेला अडखळतो, आणि ज्याचे टेबल रिकामे आहे त्याला काय विचारावे हा प्रश्न परीक्षकालाच पडतो. यासाठी टेबलावर विद्यार्थ्याचे नाव आणि ते किमान एका प्रकल्पाच्या अवधीपर्यंत त्याच्या परवानगीवाचून कोणी हलविणार नाही अशी हमी, या दोन बाबी वेळापत्रक ठरण्यापूर्वीच निश्चित व्हाव्या लागतील. दुपारच्या तुकडीला मग कोठे बसवावयाचे, हा प्रश्न त्या बैठकीत पहिल्यांदा उघडपणे विचारावा लागेल.